तिची बंद झाली, त्याची नाही

त्याला सगळे पेंटर म्हणत. बायको एरवी अहो म्हणायची, चिडली की पेंटरसाहेब. भिंती रंगवणारे ढिगाने आहेत, पण घासलेल्या पुट्टीवरून डोळे मिटून हात फिरवायचा आणि कुठे केसाएवढा उंचवटा राहिलाय ते सांगायचं, हे याच्याशिवाय कोणाला जमत नाही, असं त्याचा जोडीदार लंबू येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. लंबू इतका उंच होता की खोलीचं छत तो स्टुलावर उभा राहून रंगवी. दोघं मिळून बारा वर्षं कामं घेत होते. भांडणं भरपूर व्हायची, बहुतेक रंगाच्या छटेवरून.

बायको कपड्यांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. दिवसाला शेकडो शर्ट तिच्या हाताखालून जात. कारखान्यात तिला काजवाली म्हणत. मूल नव्हतं. आधी त्याचं वाईट वाटायचं, मग त्यावर बोलणं थांबलं, आणि मागच्या वर्षी तपासणीचा कागद हातात आला तेव्हा दोघांच्याही मनात एकच आलं, की बरं झालं, नाही ते.

सुरुवात त्याच्या कमरेवर उठलेल्या नागिणीने झाली. ती बरी होता होईना. वजन उतरत गेलं, पँटच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. त्याचं रक्त दूषित निघालं, तसं तिचंही. कोणाकडून कोणाला, हा प्रश्न महिनाभर घरात बसून होता. मग एकदा सुट्टीच्या दिवशी, कपडे वाळत घालताना, त्याने लग्नाआधीचं काही सांगितलं. तिने चिमटे लावत ऐकलं. तो विषय तिथे संपला. संपला म्हणजे पुन्हा निघाला नाही, एवढंच.

उपचाराचं केंद्र सरकारी रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत होतं. पुढच्या फाटकासमोरच त्याची मोठी बहीण राहायची, म्हणून ही दोघं मागच्या फाटकाने आत शिरत. बहीण म्हणजे त्याची ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, ते याच्यामुळेच, असं नातेवाईक म्हणत. ती मात्र तसं कधी बोलली नाही. तिला काही कळू द्यायचं नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

“तिला कळलं तर ती मरेल,” तो म्हणाला होता.

केंद्रात समुपदेशक बाई होत्या. चष्मा कपाळावर चढवून बोलायच्या, आणि एकच गोष्ट तीनदा सांगायला त्यांना कंटाळा येत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी दोन गोळ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

“ही मोठी, जेवणानंतरची. ही जन्मभर. हिने विषाणू दबून राहतो. आता ही दुसरी, पांढरी. ही त्या विषाणूवर नाही.”

“मग कशावर?” पेंटरने विचारलं.

“तुमच्या अंगात प्रतिकाराच्या पेशी असतात, त्यांचा आकडा आम्ही मोजतो. पाचशेच्या वर हवा. तुमचा चौपन्न आहे. मोठी गोळी सुरू झाली म्हणून तो उद्या भरून येत नाही, त्याला महिने लागतात, कोणाला वर्षं. तेवढ्या काळात हवेतले साधे जंतूसुद्धा तुमच्या छातीत, डोक्यात घर करू शकतात. माझ्यासारखीला त्यांचं काही होत नाही. तुम्हाला ते पुरून उरतील. ते होऊ नये म्हणून ही पांढरी गोळी.”

“आणि कधीपर्यंत?”

“आकडा दोनशेच्या वर जाऊन तिथे टिकला, की आम्ही बंद करू. आम्ही. तुम्ही नाही.” मग चष्मा खाली आणून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. “बरं वाटायला लागलं की माणसं हीच गोळी आधी सोडतात. म्हणून सांगते.”

तिचा आकडा एकशे सत्तर होता. तिलाही दोन्ही गोळ्या लागल्या.

वर्षभर त्यांनी नीट घेतल्या. जेवण झालं की ताटं बाजूला सारून दोघं गोळ्या घेत. पांढरी गोळी घशात अडकायची. तो ती गिळताना डोळे मोठे करून मान वर करायचा, कोंबड्यासारखी, आणि ती हसायची. त्या गोळीने त्याला मळमळायचं. जिभेवर चव रेंगाळायची. पण वजन वाढत गेलं, पट्ट्याची नवी भोकं सुटली, आणि तो पुन्हा शिडीवर चढून शिट्टी वाजवायला लागला. लंबू म्हणाला, “कुठल्या डॉक्टरचं औषध खातोयस? मलाही नाव दे.” त्याने “बायकोच्या हातचं जेवण” म्हणून वेळ मारून नेली.

वर्षानंतर तारीख आली तेव्हा त्याच्याकडे एका मोठ्या सभागृहाचं काम होतं. छत उंच होतं, मुदत तीनच महिन्यांची होती. “तू जा,” तो म्हणाला. “माझ्याही आण. रक्त तर मागच्याच आठवड्यात देऊन आलोय.”

ती कारखान्यातून अर्धा दिवस काढून गेली. बाईंनी दोघांचे आकडे काढले. तिचा दोनशे नव्वद. आधीच्या वेळीही दोनशेच्या वर होता.

“तुमची पांढरी गोळी बंद,” बाई म्हणाल्या. “सुटलात.”

तिला हसूच आलं. इतक्या दिवसांत त्या खोलीत कोणी तिला काही संपलं असं सांगितलं नव्हतं.

“आणि यांचं?”

“यांचा एकशे दहा. सावकाश चाललाय, पण चाललाय. यांची चालू ठेवायची. खोकला, ताप, घाम, वजन कमी?”

“काही नाही. उलट जाड झालेत.”

“छान. तीन महिन्यांच्या देते.”

औषधांच्या खिडकीवर मात्र माणसाने मोठ्या गोळीच्या बाटल्या पुढे केल्या आणि पांढरी संपल्याचं सांगितलं. पुढच्या सोमवारी येईल. तोपर्यंत बाहेरून घ्या. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. “बाहेर मिळते कुठेही. पण खंड नको. नाहीतर सोमवारी या. मी फोन करीन आठवणीला.”

तिने चिठ्ठी पाकिटात ठेवली.

आता यापुढचं जे आहे, ते ती पुढे कित्येकदा आठवून बघणार होती. ती घरी आली. स्वयंपाक केला. तो आला, हात धुतले, नखांत पांढरा रंग तसाच होता. जेवताना ती म्हणाली, निदान तिला तसं आठवत होतं, “पांढऱ्या गोळ्या संपल्यात त्यांच्याकडच्या. माझी बंदच केली.”

“बंद केली?”

“हो. सुटले एकदाची.”

“चला,” तो म्हणाला. “त्या गोळीने जीव नको केला होता.”

त्या वेळी तिने “माझी” म्हटलं होतं की नुसतं “बंदच केली” म्हटलं होतं? तुमची चालू आहे, सोमवारी आणायची आहे, हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं की मनातच राहिलं होतं? ती शपथेवर सांगू शकली नसती. ती खूश होती, एवढं तिला आठवत होतं. तोही खूश होता. खूप दिवसांनी घरात दोघं एकाच वेळी खूश होते.

सोमवारी कारखान्यात परदेशच्या मालाची घाई होती. सुपरवायझरने सुट्टी मागायला तोंडही उघडू दिलं नाही. रविवारी बाहेरून घेऊ, असं तिने ठरवलं. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान घरमालकिणीच्या जावयाचं होतं, तिथे ती चिठ्ठी दाखवणं शक्य नव्हतं. लांबच्या दुकानात जायचं होतं. रविवारी ताई आल्या, दिवस त्यात गेला. पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. आणि रोज समोर दिसत होता तो चांगला दिसत होता. गालांवर मांस होतं. जेवत होता. एकदा तिने विषय काढायला तोंड उघडलंही होतं, पण तो छताच्या कोपऱ्यांत रंग कसा ओघळला, लंबूच्या डोक्यावर कसा पडला, ते रंगवून सांगत होता, आणि हसत होता. त्या हसण्यात ती गोळी आणणं तिच्या जिवावर आलं. उद्या सांगू, असं तिने म्हटलं. मग रोजच्या कामाच्या रेट्यात ते उद्याच राहिलं, आणि चार-पाच आठवड्यांनी तर ती खरोखरच विसरली.

बाईंचा फोन आला नाही. तिने त्याचा अर्थ असा लावला, की एवढं काही निकडीचं नसावं.

दोन महिने झाले आणि त्याला खोकला लागला.

कोरडा खोकला. कफ नाही, काही नाही. पुट्टी घासणाऱ्यांना खोकला असतोच, त्यात कोणाला काही वाटलं नाही. तोंडाला फडकं बांध म्हणून लंबूने दोनदा सांगितलं. मग संध्याकाळी अंग तापायला लागलं. तो घरी येऊन भिंतीला पाठ लावून बसायचा आणि बोलायच्या आधी थांबायचा, जणू शब्द दुसऱ्या खोलीतून आणायचेत.

“दम लागतोय का?” ती विचारी.

“तीन मजले चढून आलो. तूही धापा टाकतेस.”

ते खरं होतं. पण तिची धाप दारात पोचेपर्यंत बसायची. त्याची जेवण होईपर्यंत बसत नव्हती.

सभागृहात लंबू त्याला चिडवायचा. “पेंटर, म्हातारा झालास. शिडी मला दे, तू खाली बसून पायपट्टी रंगव.” चार पायऱ्या चढून तो खरंच थांबायला लागला होता. एका हाताने शिडी धरायची, दुसऱ्या हातात ब्रश, आणि डोळे मिटून उभं राहायचं. खालून बघणाऱ्याला वाटावं, भिंतीचा अंदाज घेतोय.

ती त्याला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण नीट विचारत होता. छातीला नळी लावली. म्हणाला, “आवाज तर साफ आहे. आणखी काही आजार? कुठल्या गोळ्या चालू आहेत?”

“काही नाही,” पेंटर म्हणाला.

ती शेजारच्या स्टुलावर बसली होती. डॉक्टरने एकदा तिच्याकडेही पाहिलं. तिने आपल्या पाकिटाच्या चेनकडे पाहिलं. त्या पाकिटात ती चिठ्ठी होती, आणि तेव्हा, त्याच क्षणी, तिला ती आठवली. तरी ती बोलली नाही. नवऱ्याने नाही म्हटल्यावर परक्या माणसासमोर हो कसं म्हणायचं?

खोकल्याचं औषध मिळालं, धुळीपासून जपायला सांगितलं.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, “अहो, केंद्रात जाऊन येऊ या. आत्ताच.”

“पुढच्या महिन्यात तारीख आहेच.”

“तारखेचं राहू दे. मला भीती वाटतेय.”

“छत संपू दे. चार दिवसांचं काम उरलंय.” तो थांबला, खोकला, पुन्हा चालायला लागला. “मी मोठी गोळी एक दिवस चुकवलेली नाही. मला काय होणार आहे?”

त्या दिवशीही तिला सांगता आलं असतं. चिठ्ठी काढून दाखवता आली असती. पण आता दोन महिने उलटून गेले होते, आणि सांगायचं म्हणजे दोन महिन्यांचं सांगावं लागलं असतं. तिने ठरवलं, उद्या गुपचूप गोळी आणायची आणि त्याच्या हातावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पायी दोन बसथांबे ओलांडून एका अनोळखी दुकानातून गोळ्या घेऊन आली. कारखान्याच्या दारात पोचली तेवढ्यात लंबूचा फोन आला.

“वहिनी, पेंटर शिडीवरून उतरला आणि बसला तो उठेचना. ओठ निळे पडलेत. मी टेम्पोत घालून सरकारी रुग्णालयात आणलंय. तुम्ही या.”

टेम्पोत रंगाच्या डब्यांमध्ये लंबूने त्याला मांडीवर टेकवून आणलं होतं. लंबूच्या शर्टाला ओला रंग लागला होता आणि तो तसाच रुग्णालयाच्या दारात उभा होता, कोणाला काही लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून.

बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचा आकडा एकाहत्तर आला. नाकातोंडावर मुखवटा बसवला गेला, नळीतून प्राणवायू सुरू झाला. छातीचा फोटो काढला. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या. केंद्राची नोंद त्यांना मिळाली होती.

“पांढरी गोळी रोज चालू होती ना?”

“हो,” ती म्हणाली.

त्या पुढे काही विचारायच्या आत ती वळली आणि पाण्याच्या नळापाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला, बंद केला. तास-दीड तास तिने कसाबसा काढला. मग वॉर्डाच्या दारात जाऊन डॉक्टरीणबाईंची वाट अडवली.

“डॉक्टर, मी खोटं बोलले. दोन महिने घेतली नाही त्यांनी. त्यांना माहीतच नव्हतं. मी... तिथे संपली होती, मी नंतर आणणार होते.”

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद दुमडला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“फोटो बघितल्यावरच माझ्या लक्षात आलं होतं. औषध आल्या आल्या सुरू केलंय. तुमच्या हो-नाहीवर थांबले नव्हते मी.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत.”

“कुठलं औषध?”

“तेच. त्या गोळीतलंच. पण आता रोज एका गोळीने भागत नाही. शिरेतून, खूप जास्त द्यावं लागतं. आणि तरी सांगता येत नाही.”

तिच्या पिशवीत दुकानातून आणलेली गोळ्यांची पाकिटं होती. त्या दिवशी आणलेली.

पहिले दोन दिवस आकडा वर चढला. ब्याऐंशी, सत्त्याऐंशी. लंबू रोज कामावरून थेट यायचा, व्हरांड्यात बसायचा. काय झालंय ते त्याने विचारलं नाही. “धुळीनेच ना?” एवढंच म्हणाला, आणि तिने मान डोलावली. त्यावर तो इतका उदास झाला की तिला आणखी एक ओझं झालं. फडकं बांधायला आपण हटकून लावायला हवं होतं, असं तो स्वतःशी पुटपुटत होता.

ताई डबा घेऊन यायच्या. समोरच तर घर. भावाच्या पायांना तेल लावायच्या, कारण बाकी सगळीकडे नळ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात जरा शांतता होती. त्याने हाताने खूण करून तिला जवळ बोलावलं. मुखवटा किंचित वर केला.

“काय झालंय मला? खरं सांग.”

तिने सांगितलं. छातीत तोच जंतू शिरलाय, ज्याच्यासाठी ती पांढरी गोळी होती.

त्याने मुखवट्यातून दोन श्वास घेतले.

“पण तू म्हणालीस, बंद केली.”

“माझी बंद केली होती,” ती म्हणाली. “माझी.”

त्याने डोळे मिटले. ती वाट बघत होती. शिवी द्यावी, हात झटकावा, काहीही करावं.

“असं होय,” तो म्हणाला.

मग मुखवटा खाली ओढला. थोड्या वेळाने पुन्हा वर केला. “ताईला सांगू नको.”

त्यानंतर तो नीट असं बोललाच नाही. चौथ्या दिवशी आकडा उतरायला लागला. यंत्राने श्वास द्यायची वेळ आली. सहाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, वॉर्डात चहाचं भांडं फिरत असताना, तो गेला.

शेवटचं सगळं लंबूने केलं. धावपळ, कागद, माणसांना कळवणं. लोक आले, बसले, गेले. न्यूमोनिया म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. ताई तिच्या शेजारी बसून होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, “हिने फार केलं हो त्याचं. सख्ख्या आईने केलं नसतं इतकं केलं. हिच्यामुळे वर्षभर तरी धष्टपुष्ट दिसला पोरगा.” बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. ती तशीच बसून राहायची. त्या प्रत्येक हाताबरोबर तिला वाटायचं, आता ओरडून सांगावं.

तीन आठवड्यांनी तिची केंद्रात जायची तारीख आली. जायचं नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. तरी सवयीने पाय तिकडे वळले.

समुपदेशक बाईंना वॉर्डातून कळलं होतं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. खुर्ची पुढे ओढली.

“मी फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “त्या सोमवारी केला. मग बुधवारी. पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर वेळी कोणीतरी म्हातारी बाई उचलायची आणि म्हणायची, इथे असं कोणी राहत नाही.”

वहीतला नंबर त्यांनी तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला. सगळे आकडे बरोबर होते, शेवटचा सोडून. तिथे सातच्या जागी एक होता.

“हा यांनी सांगितला होता ना?”

“त्यांनीच. पहिल्या दिवशी.”

केंद्रातून कधी घरी फोन येऊ नये, ताई घरात असताना कोणी भलतंच बोलू नये, म्हणून त्याने एक आकडा बदलला होता. आणि तिला सांगितलं नव्हतं. ती त्या नंबराकडे बघत राहिली. तिला त्याचा राग यावा असं वाटत होतं. राग आला असता तर निदान अर्धं ओझं उतरलं असतं. आला नाही.

“मी घरी माणूस पाठवायला हवा होता,” बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. “पत्ताही अर्धाच होता. यादी मोठी असते हो. मी म्हटलं, तीन महिन्यांनी येतीलच.”

मग बाईंनी नाक ओढलं, वही पुढे घेतली आणि विचारलं, “खोकला? ताप? घाम? वजन?”

“नाही,” ती म्हणाली.

ताईंनी तिला एकटं राहू दिलं नाही. स्वतःच्या घरी घेऊन आल्या. स्वतःच्या पलंगाशेजारी तिची गादी घातली. ती तिथे दीड महिना राहिली. मोठ्या गोळीची बाटली कपड्यांच्या तळाशी ठेवायची, जेवण झालं की न्हाणीघरात जाऊन गोळी गिळायची. ताई एकदा म्हणाल्या, “तुझ्या पोटात काही बिघडलंय का? जेवलीस की पळतेस.” त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. ते तिला सहन होईना.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ताई खिडकीत बसून बाहेर बघत होत्या. खिडकीतून रुग्णालयाचं फाटक दिसायचं. त्या म्हणाल्या, “मला एक कळत नाही. धडधाकट माणूस होता. न्यूमोनिया झाला तर औषधाने बरा होतो ना? त्याचंच असं का व्हावं?”

तिने सांगितलं. सुरुवातीपासून. नागीण, तपासणी, दोन गोळ्या, चौपन्न, एकशे दहा. ती संध्याकाळ, ती चिठ्ठी, ते रविवार. डॉक्टरसमोर गप्प बसली ते. हो म्हणून खोटं बोलली ते. काहीही हातचं राखलं नाही. त्याला दिलेला शब्द मोडतेय हेही म्हणाली.

ताई वळल्या नाहीत. खिडकीच्या गजावर त्यांचा हात होता.

“वर्षभर?” त्यांनी विचारलं. “वर्षभर तुम्ही इथे येत होतात? समोर?”

“मागच्या फाटकाने.”

“आणि ती गोळी इथे मिळायची. या समोरच्या इमारतीत.”

“हो.”

“अगं, मी दिवसभर रिकामी असते,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजी आणायची राहिली असं सांगावं तसा. “मी आणली असती. रस्ता ओलांडायचा होता फक्त. सोमवारी नाही मिळाली तर मंगळवारी गेले असते. रोज गेले असते मी.”

मग त्या तशाच बसून राहिल्या. दुपार झाली. त्या जेवल्या नाहीत. तिला शिव्या दिल्या नाहीत, आजाराचं नाव काढून तोंड फिरवलं नाही, तिचं ताट वेगळं केलं नाही. फक्त बोलल्या नाहीत. चार दिवस तसे गेले. पाचव्या दिवशी तिने आपले कपडे पिशवीत भरले आणि “येते मी” म्हणाली. ताईंनी मान हलवली.

ती आपल्या खोलीत परत आली. कारखाना सुरू होता. जेवण झालं की ती गोळी घ्यायची, कारण न घेण्यासाठी जी ताकद लागते तीही तिच्यात उरली नव्हती. लंबू एकदा पेंटरचे ब्रश द्यायला आला. तिला नको होते, त्यालाही नको होते, शेवटी त्यानेच परत नेले.

पुढच्या तारखेला तिचा आकडा चारशे बारा आला. समुपदेशक बाईंनी तो दोनदा वाचून दाखवला. “फार छान,” म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या.

ती पुढच्या फाटकाने बाहेर पडली. आता लपवण्यासारखं काही नव्हतं. रस्ता ओलांडून ताईंच्या जिन्यापर्यंत गेली, वर चढली, दार वाजवलं. आतून पावलं आली. ताईंनी दार अर्धं उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते.

“बरी आहेस ना?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“गोळ्या घेतेस?”

“घेते.”

“घे,” ताई म्हणाल्या. आणखी काही म्हणायचं असल्यासारख्या त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग हळूच दार लावून घेतलं.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. ती थोडा वेळ जिन्यात उभी राहिली. दोनला कारखान्यात पाळी होती. ती खाली उतरली.